तीन बेटे आणि एक वृद्ध कार्डिनल

गेल्या उन्हाळ्यात आमच्याच नात्यातील दोघा चुलतभावांनी मला मध्यस्थीस बोलाविले. वाद बावखलाकाठच्या बांधाचा, रुंदी हातभर. मी सातबारा वाचला, नकाशा उलगडला, फीत धरली आणि एकाच बैठकीत निवाडा दिला. कागदोपत्री तो अचूक होता. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. धाकटा तर माझ्याशीही नाही. माझे काय चुकले याचा विचार करीत असता मला कार्डिनल अंतोनिओ सामोरे यांची आठवण झाली.

दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाशी बीगल नावाची सामुद्रधुनी आहे. तिच्या पूर्वमुखाशी पिक्टन, लेनॉक्स व नुएवा ही तीन बेटे. १८८१ च्या सीमाकराराचा अर्थ चिली एक लावी, अर्जेंटिना दुसरा. बेटे ती केवढी! पण बेटांमागोमाग समुद्र येतो, आणि समुद्रावरचा हक्क कोण सोडील? प्रकरण लवादाकडे गेले. १९७७ साली निकाल लागला : तिन्ही बेटे चिलीची. जानेवारी १९७८ मध्ये अर्जेंटिनाने तो निवाडाच धुडकावला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आरमारे समुद्रात उतरली. दोन्हीकडे लष्करी राजवटी, दोन्हीकडची प्रजा बहुतांशी कॅथलिक. याच दोन देशांनी १९०४ साली अँडीज पर्वतात, सीमेवर, ख्रिस्ताचा भव्य पुतळा उभारला होता, हे आठवल्यावाचून राहवत नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांना पोपपदावर येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांनी ७३ वर्षांच्या सामोरे यांना धाडले. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाचा व दप्तरखान्याचा भार वाहणारा हा वृद्ध ऐन नाताळाच्या दिवसांत ब्युनोस आयर्स आणि सांतियागो यांच्यामध्ये खेपा घालू लागला. ८ जानेवारी १९७९ रोजी माँटेव्हिडिओ येथे दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी सह्या केल्या. वाचकहो, बेटे कोणाची हे त्या कागदात ठरलेलेच नव्हते! बळ वापरणार नाही आणि पोपमहोदयांची मध्यस्थी मागतो, मुख्यतः एवढेच.

मी ज्याला एक दुपार दिली, त्याला तेथे सहा वर्षे लागली. डिसेंबर १९८० मध्ये पोपमहोदयांनी तोडगा सुचविला. चिलीने तो स्वीकारला. अर्जेंटिनाचा होकार आला नाही. ३ फेब्रुवारी १९८३ रोजी सामोरे वारले, काम अर्ध्यावर असताना. पुढे अर्जेंटिनातील लष्करशाही गेली, अल्फोन्सिन निवडून आले, सार्वमतात लोकांनी भरघोस कौल दिला आणि २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्ये करार झाला. बेटे चिलीकडेच राहिली, म्हणजे लवादाने सांगितले तेच. परंतु पूर्वेकडील समुद्राचा मोठा भाग अर्जेंटिनाकडे आला. घरी परतताना दोघांच्याही हाती काही होते. तरीही अर्जेंटिनाच्या सिनेटमध्ये करार एका मताने तरला. अँडीजमधील एका सीमाघाटाला आज सामोरे यांचे नाव आहे.

आमचा बांध थोरल्याचाच आहे, त्यात शंका नाही. पण बावखलातील पाण्याचा विषय त्या दुपारी मी काढलाच नव्हता. उद्या संध्याकाळी धाकट्याकडे जाणार आहे. फीत नेणार नाही. तो दार उघडील की नाही, ठाऊक नाही.