साखरेचा कोटा

कोटा म्हटलं की आताच्या मुलांना राजस्थानातलं क्लासेसचं शहर आठवतं, फार तर प्रवेशाची यादी. आमच्या लहानपणी मुंबईत कोटा एकच, साखरेचा. दिवाळीला थोडा जादा सुटायचा आणि त्या अंदाजावर घराघरांत करंज्या-लाडवांचे बेत ठरायचे.

मुंबईत रेशनिंग आलं १९४३ साली, युद्धाच्या टंचाईत. युद्ध संपलं, कार्ड राहिलं. त्यात माणसं युनिटात मोजत. मोठ्यांचं एक, लहानाचं अर्धं. पाळणा हलला की नाव चढवायला रेशनिंग ऑफिसात धाव. आजी गेल्यावर मात्र नाव कमी करायची कुणाला घाई नसे. महिनोन्‌महिने ती बिचारी आपल्या वाटणीची साखर घरी पाठवत राहायची. ही लबाडीच, पण चाळीत तिला कुणी लबाडी म्हणत नसे.

फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं, ‘साखर आली, पामतेल उद्या’. घासलेटच्या रांगेत माणसांऐवजी डबे उभे, मालक कट्ट्यावर गप्पा छाटत. बँकेतले काका, गिरणीतले मामा, शाळेतल्या बाई, सगळ्यांचं धान्य एकाच तराजूत तोललं जाई. तांदळात खडे निघाले की सगळे मिळून दुकानदाराच्या डोक्यावर बसत. बाई इंग्रजीत तक्रार लिहीत, मामा नुसता आवाज चढवत. मामांचा उपाय लवकर लागू पडायचा.

१९९७ मध्ये केंद्राने स्वस्त धान्याचा रोख गरिबांकडे वळवला. १९९९ पासून महाराष्ट्रात तीन रंगांची कार्डं आली, पिवळं, केशरी, पांढरं. वर्षाला लाखावर उत्पन्न असलेल्यांच्या हाती पांढरं पडलं आणि काका, बाई रांगेतून गेले. कार्ड पत्त्याचा पुरावा म्हणून कपाटात गेलं. गरिबांना नेमकं मिळावं हा हेतू चांगलाच होता. पण तक्रार लिहिणारे हातही त्याबरोबर उठून गेले, हे मला अजून खटकतं.

२०१३ च्या कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य हा हक्कच झाला. २०२३ पासून ते फुकट मिळतं. कागदावर हे आमच्या कोट्यापेक्षा कितीतरी भक्कम. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींचे ठसे मात्र राखेने, साबणाने झिजलेत. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लागत नाही. पदराला पुसून पुन्हा लावतात, मग दुसरं बोट. दुकानदार म्हणतो, ‘‘सर्व्हर डाउन आहे मावशी, उद्या या.’’

‘‘उद्याचा खाडा तुझा सर्व्हर भरून देणार का?’’ मावशी विचारतात.