लक्ष्मणराव, एक तक्रार आहे

ती. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपली खुशाली विचारण्याची सोय उरलेली नाही. 1956 साली आपण गेलात. तेव्हा इकडचीच खबर कळवतो. कुंडल रोड हे स्टेशन आता किर्लोस्करवाडी म्हणून ओळखलं जातं. जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, सरकारने आपल्या नावाचं पोस्टाचं तिकीट काढलं. तिकिटावर भारदस्त चेहरा, आणि आमच्या तोंडी ‘उद्योगमहर्षी’. एवढ्यावर आमचं कर्तव्य संपतं.

तक्रार इथूनच सुरू होते. महर्षी म्हटलं की माणूस आश्रमात एकटा बसलेला दिसतो. आपण एकटे कधी होतात? 1888 साली बेळगावात सायकलींचं दुकान निघालं तेव्हा आपण मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि थोरले बंधू रामुअण्णा यांनी त्या विकायच्या, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचं! व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली मास्तरकी आपण पुढे सोडलीत, कारण हक्काची बढती डावलली गेली. स्वाभिमान उत्तमच. पण महिन्याचा पगार बंद झाल्यावर किराणा कोण सांभाळत होतं, हे चरित्रकार लिहीत नाहीत.

रंगांचं प्रकरण मला फार आवडतं. चित्रकार व्हायचं म्हणून जे. जे. स्कूलमध्ये गेलात आणि तिथे कळलं की काही रंग आपल्याला नीट ओळखूच येत नाहीत. दुसरा कुणी हिरमुसून घरी परतला असता. आपण यंत्रांची ड्रॉइंगं काढायला लागलात. तिथे काळ्या रेघेवर भागतं.

मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. आणि नांगर घ्यायला कुणी येईना! लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असं शेतकरी म्हणायचे. दोन वर्षं माल पडून. आमच्या आजोबांच्या गोठ्यात आपला एक नांगर होता. दांडीवर ओतीव अक्षरांत नाव, फाळ झिजून बोटभर उरलेला. आजोबा सांगायचे, लाकडी नांगर नुसती माती ओरबाडतो, हा उलथून टाकतो, हरळीची मुळं उन्हात आणतो. विषाची गोष्ट काढली की मात्र बुवा गप्प. त्यांच्या वडिलांनीही तेच म्हटलं असणार.

बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली आणि औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ 32 एकर दिले. 1910 साल. निवडुंग, दगड, नाग. चांगलं चाललेलं बिऱ्हाड अशा माळावर हलवताना पत्नीला, राधाबाईंना विचारलं होतंत का? खरं सांगा. की सामान बांधून झाल्यावर कळवलंत?

रागावू नका. पुढचं मी मान्य करतो. त्या माळावर आपण कारखान्याआधी शेजार वसवलात. ज्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का होता त्यांना रात्रीच्या राखणीला ठेवलंत, शिवाशिवीला थारा दिला नाहीत. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतलेत, ही हकिगत आम्ही पाहुण्यांना अजून ऐकवतो. पुतणे शंकरराव मात्र वेगळ्याच वाटेने गेले. नांगराची जाहिरात करायला 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली आणि तिचं बघता बघता मासिक झालं, पाठोपाठ ‘स्त्री’. आमच्या घरात नांगर आजोबांचा, मासिकं आजीची. भांडण नव्हतं, फक्त आजीचा अंक कुणी आधी फोडला तर चहा उशिरा मिळे.

आता विनंती. ‘स्त्री’ मासिक काढणाऱ्या घरातल्या आद्य गृहिणीची दैनंदिनी आम्हांला मिळाली नाही. वाडीतलं पहिलं वर्ष कसं गेलं, पाणी कुठून आणलं, सापाला कोण भ्यालं, मुलाला, शंतनुरावांना बरं नसलं की वैद्य कुठून यायचा? आपली ड्रॉइंगं आणि आपले ताळेबंद उद्योजकांच्या कामाचे. आम्हांला ही चूल हवी. राधाबाईंना विचारून कळवावं. आणि त्या बोलायला लागल्या तर कृपया मध्ये नांगराची गोष्ट काढू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नांगरवाल्याचा नातू