गटात चौघं, लिहिणारा एकच

गटकार्य दिलं की वर्ग गजबजतो आणि आपल्याला बरं वाटतं. पण गटात नीट डोकावलं तर हुशार पोरगी एकटीच लिहीत असते, बाकीचे पेन्सिली तासत बसतात.

हे पुढेही सुटत नाही. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या विषयाला चौघांत एक प्रोजेक्ट होता. कोड एकानं लिहिला, तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री बाकीच्यांनी पाठ केला. "मावशी, सगळे असंच करतात," म्हणाला. आता वापरणाऱ्याला काय हवं ते समजून घ्यायचं, आराखडा करायचा, एकमेकांच्या चुका शोधायच्या, हाच तर तो विषय! तो गप्प बसून कसा येणार?

आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रोग्रॅमिंगच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमाचा मोठा वर्ग, १० आठवडे, १३ कृती. आधी एकट्यानं विचार, मग जोडीत बोलणं, मग सगळ्या वर्गात चर्चा. सरासरी ८३ टक्के विद्यार्थी पूर्णपणे किंवा बऱ्यापैकी गुंतलेले दिसले. पहिल्या टप्प्यात बहुतेक जण काय करत होते? स्वतःचं उत्तर लिहीत होते. मला वाटतं, सगळी मेख इथेच आहे. ज्याच्या वहीत दोन ओळी आहेत, त्याच्याकडे जोडीदाराशी बोलायला काहीतरी असतं.

ही पद्धत १९८१ मध्ये फ्रँक लायमन यांनी मांडली. ते अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात शिक्षक घडवायचे. म्हणजे हे आपल्याच घरचं आहे म्हणा ना.

इथे कोराडीत माझ्या चौथीच्या वर्गाला मी गणित दिलं: ४८ मुलं सहलीला, एका गाडीत ७ बसतात, गाड्या किती? तीन मिनिटं कुणीच बोलायचं नाही, फक्त लिहायचं. (ही तीन मिनिटं मुलांपेक्षा बाईंनाच जड जातात!) बऱ्याच जणांनी भागाकार बरोबर केला, ६ गाड्या, बाकी ६. मग जोड्या बोलू लागल्या. एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा शेजारच्याला म्हणाला, "मंग ते सहा जण काय पायी येतीन?"

शेजारच्यानं ६ खोडून ७ केले. नंतर फळ्यापाशी कारण सांगायला मी त्या गप्प मुलालाच बोलावलं.

पालकांनाही एक सांगते. घरी "बाईंनी काय शिकवलं?" असं विचारण्याऐवजी "तुझं उत्तर काय होतं, आणि शेजारच्याचं?" असं विचारून बघा.