विणकराने चादर विणली : उद्देश्य कोणते?

इंग्रजी वाक्याचे उद्देश्य आणि विधेय असे दोन भाग पाडणे हा शालेय व्याकरणातील सर्वांत सोपा धडा मानला जातो, आणि त्यात चुकणाऱ्या मुलाचा अभ्यास कच्चा आहे असे पालक व पुष्कळदा शिक्षकही ठरवून मोकळे होतात. परंतु सोलापूरच्या भवानी पेठेसारख्या विणकर वस्तीत, जिथे अनेक घरांत तेलुगू, गल्लीत कन्नड व दखनी आणि शाळेत मराठी बोलली जाते, तिथे ही चूक बहुधा मराठीच्या पक्क्या ज्ञानातूनच होत असते. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आल्यामुळे तर, मराठीतले कर्तरी-कर्मणी प्रयोग समजण्याच्या कितीतरी आधी मुलाची इंग्रजी वाक्याशी गाठ पडते.

ज्याच्याविषयी बोलायचे ते उद्देश्य आणि त्याच्याविषयी जे सांगायचे ते विधेय, ही व्याख्या सर्वांना पाठ असते. मात्र वर्गात तिच्या जागी ‘क्रिया कोण करतो?’ हा प्रश्न विचारला जातो, आणि त्याने उद्देश्य नव्हे, कर्ता सापडतो. ‘द वीव्हर हॅज वोव्हन द चादर’ या वाक्यात दोन्ही एकच असल्याने प्रश्न खपून जातो. ‘द चादर वॉज वोव्हन बाय द वीव्हर’ असे म्हणताच विणणारा विणकरच राहतो, पण उद्देश्याचे स्थान चादरीकडे जाते.

मराठी वाक्याकडे वळताच थोडे खोलात शिरणे टळत नाही. ‘विणकराने चादर विणली’ या वाक्यात विणकर अनेक केले तरी क्रियापद ‘विणली’च राहते, चादरी अनेक केल्या की ‘विणल्या’ होते, टॉवेल आणला की ‘विणला’ होते. क्रियापद ज्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते ते उद्देश्य, असा निकष लावणारे मूल चादरीवर बोट ठेवते, आणि या निकषापुरते ते बरोबर असते. उलट ‘विणकराने आपली चादर विकली’ यातील ‘आपली’ विणकराकडे वळते, आणि ‘विणकराने माग थांबवून चहा घेतला’ यात माग थांबवणाराही तोच असतो. म्हणजे वाक्याची सूत्रे त्याच्याच हाती आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली, मो. के. दामले यांचे १९११ साली आणि अरविंद मंगरूळकरांचा व्याकरणाचा पुनर्विचार १९६४ साली प्रसिद्ध झाला, तरी मराठी प्रयोगांचा वाद मिटलेला नाही. आणि ज्या प्रश्नावर पंडितांचे एकमत नाही, त्यावर दहा वर्षांच्या मुलाचे गुण कापले जातात.

तेलुगूत हा पेच नाही. ‘नान्न दुप्पटि नेशाडु’ म्हणजे वडिलांनी चादर विणली, आणि ‘अम्म दुप्पटि नेसिंदि’ म्हणजे आईने विणली; क्रियापद विणणाऱ्याप्रमाणेच बदलते. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाला या एका बाबतीत इंग्रजी वाक्य मराठीपेक्षा जवळचे ठरावे, परंतु ‘घरची भाषा आड येते’ या ठरीव तक्रारीत ही सोय कोणी वापरून घेत नाही.

दुसरा अडथळा शब्दक्रमाचा आहे. ‘मागांचा आवाज मोठा आहे’ यात मुख्य शब्द ‘आवाज’ विशेषणांच्या शेवटी, म्हणजे क्रियापदाच्या बाजूला येतो, तर ‘द नॉइज ऑफ द लूम्स इज लाउड’ यात तो आरंभी येऊन क्रियापदापाशी ‘लूम्स’ उभे राहते. जवळच्या अनेकवचनाला भुलून मूल ‘आर’ लिहिते. विधेयाचेही तसेच होते : केवळ क्रियापदाला विधेय समजले जाते, वास्तविक त्याच्यासह येणारे कर्म, पूरक आणि क्रियाविशेषण हे सर्व विधेयातच मोडतात.

यावर उपाय साधा आहे. इंग्रजी वाक्य वर्तमानकाळात आणावे, एकेका नामाचे वचन बदलून पाहावे, आणि ज्याच्या बदलाने ‘हॅज’चे ‘हॅव’ किंवा ‘इज’चे ‘आर’ होते ते उद्देश्य मानावे. क्रियापदासह उरलेले सर्व विधेय. ‘कोणी केले?’ हा प्रश्न कर्त्यासाठी राखून ठेवावा, आणि चादरीवर बोट ठेवणाऱ्या मुलाच्या वहीत लाल फुली मारण्यापूर्वी त्याने ते वाक्य मनात मराठीत मांडले होते काय, एवढे शिक्षकांनी एकदा विचारावे.