ताप उतरल्यानंतर

ताप उतरला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. उशाशी बसलेली माणसे पुन्हा आपापल्या कामाला लागतात. परंतु ताप गेला म्हणजे आजार गेला असे नव्हे, हे मला कुंभकोणमच्या आमच्या एका वृद्ध आप्तांच्या दुखण्याने शिकवले.

त्यांचे पूर्वज भोसले राजांच्या काळी कावेरीकाठी गेले. घरात अजूनही जुन्या वळणाची मराठी बोलली जाते. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांना न्यूमोनिया झाला. दहा दिवसांनी ताप गेला, सारभात गोड लागू लागला. आणि एके सकाळी कॉफीचा पेला उजव्या हातातून निसटला. शब्द अडखळू लागले. कोणी म्हणाले, "अशक्तपणा आहे, तेल चोळा, निजू द्या." सुनेने मात्र सासऱ्यांचे तोंड एका बाजूस ओढलेले पाहिले आणि तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. उपचार वेळेवर झाले, म्हणून हात वाचला.

फुप्फुसाच्या आजाराने मेंदूवर घाला का घालावा? विषाणूशी झुंजताना शरीरात दाह पेटतो. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते, रक्त गोठवणारे घटक वाढतात. त्यातच अंथरुणाला खिळल्याने पायांतील रक्तप्रवाह मंदावतो. तेथे झालेली गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. मेंदूची वाट अडली तर पक्षाघात होतो. केवळ करोनाच नव्हे, तीव्र फ्लूनंतरही हा धोका वाढतो.

म्हणून तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे, एकच पाय सुजणे, एकाएकी धाप लागणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने देऊ नये. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ती घातक ठरते.

कुंभकोणमजवळच्या तंजावरात दुसरे सरफोजी राजे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेत्ररुग्णांच्या बारीक नोंदी ठेवविल्या होत्या. रोग्याकडे नीट पाहणे, हीच उपचाराची पहिली पायरी. औषध वैद्याने द्यावे; पण ते वेळेत मिळावे यासाठी घरातल्या कोणाचे तरी डोळे उघडे असावे लागतात.