शिवगामीचे पूर्वायुष्य

गाजलेल्या चित्रपटाला जोडून लिहिलेल्या कादंबरीकडे आपल्याकडील रसिक संशयानेच पाहतात. वरातीमागून घोडे, अशी तिची संभावना होते. आनंद नीलकांतन यांची ‘द राइज ऑफ शिवगामी’ ही मूळ इंग्रजी कादंबरी मात्र वरात रस्त्यात असतानाच आली. ‘बाहुबली’चा पहिला भाग १० जुलै २०१५ रोजी प्रदर्शित झाला, दुसरा २८ एप्रिल २०१७ रोजी, आणि त्यापूर्वी महिनाभर, मार्च २०१७ मध्ये, हे पुस्तक प्रसिद्ध झाले. कट्टप्पाने बाहुबलीला का मारले, या प्रश्नाने तेव्हा सारा देश पछाडला होता. पुस्तकाने त्याचे उत्तर दिले नाही. ते एक पिढी मागे गेले आणि सतरा वर्षांच्या शिवगामीची कथा सांगू लागले.

आम्ही ‘बाहुबली’चे चाहते आहोत. साठी उलटलेल्या माणसाने असे म्हणवून घ्यावे काय, असा प्रश्न घरात अधूनमधून उपस्थित होतो. आम्ही तो निरुत्तर ठेवतो. या प्रेमाला एक स्थानिक कारणही आहे. माहिष्मती हे पुराणांतील सहस्रार्जुनाच्या राजधानीचे नाव, आणि अनेक अभ्यासकांच्या मते ती नगरी म्हणजे आमच्या इंदूरपासून नव्वदेक किलोमीटरवरचे महेश्वर. चित्रपटातील माहिष्मतीचा नर्मदाकाठाशी नावापलीकडे संबंध नाही, हे आम्ही जाणतो. तरीही ज्या महेश्वरी अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात राज्य सांभाळले, त्याचे प्राचीन नाव मिरविणाऱ्या नगरीत एक करारी स्त्री राजशकट हाकताना दिसली, की इंदूरच्या मराठी माणसाला ती परकी वाटत नाही.

चित्रपटातील शिवगामी आठवा. पाठीत बाण रुतलेला, अंगावर नदीचे पाणी चढत चाललेले, आणि पाण्यावर उचललेल्या एका हातावर तान्हे मूल. ही बाई कोण, कुठली, हे आपण विचारीत नाही. रम्या कृष्णन यांच्या नजरेतच तिचा सारा अधिकार सामावलेला आहे. कादंबरी नेमके हेच विचारते. तिच्या वडिलांना, देवरायांना, राजा सोमदेव राजद्रोही ठरवून देहदंड देतो. अनाथ झालेली मुलगी राजवंशाचा सूड घेण्याची प्रतिज्ञा करते. वडिलांच्या मागे राहिलेले एक अगम्य भाषेतील हस्तलिखित तिच्या हाती येते. कथानक वेगवान आहे, कारस्थानांना तोटा नाही. परंतु आमचे मन खट्टू झाले ते झालेच. तिच्या कठोरपणाला एकदा कारण मिळाले, की तिच्याविषयी वाटणारा दरारा उणावतो. शिवाय शिवगामी, कट्टप्पा आणि बिज्जल यांना पुढे चित्रपटात हजर राहावयाचे आहे, हे वाचकाला ठाऊक असते. त्यांच्यावर कितीही प्राणसंकटे आली तरी छातीत धडधडत नाही. परक्याच्या अंगणात खेळणाऱ्या लेखकाची ही अडचण जन्मजातच.

हा प्रकार आपल्या हिंदी मुलखाला नवा नाही. देवकीनंदन खत्री यांनी ‘चंद्रकांता’च्या मायानगरीतील भूतनाथाला स्वतंत्र कादंबरी दिली, १९१३ मध्ये ते गेले तेव्हा ती अपुरी होती आणि त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी ती पूर्ण केली. दुय्यम पात्राला त्याचे घरदार मिळाले, की मूळ कथेच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत उजेड पडतो. नीलकांतन यांनी तो उजेड शिवगामीपेक्षा इतरांवर अधिक पाडला आहे, आणि आमच्या मते पुस्तकाची खरी कमाई तीच.

राज्याच्या शस्त्रांना लागणारे दुर्मीळ खनिज गौरीपर्वताच्या खाणींतून येते आणि त्या खाणींत मुले जुंपलेली असतात. चित्रपटातील तळपत्या तलवारी आम्ही डोळे भरून पाहिल्या होत्या. त्या कोणाच्या कष्टांवर घडल्या, हे तेथे कोणी सांगितले नव्हते. स्कंददास हा हीन मानलेल्या कुळात जन्मलेला, कर्तबगारीवर वर चढलेला प्रामाणिक अधिकारी. उमराव मंडळींना त्याचे जन्मकुळ खुपते आणि त्याहून त्याची सचोटी खुपते. राज्य शासनाच्या सेवेत उभा जन्म काढलेल्या आम्हांस त्याची पाने पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटली. त्याचे पुढे काय होते, ते सांगून रसभंग करीत नाही.

आणि शिवप्पा! कट्टप्पाचा हा धाकटा भाऊ चित्रपटात कोठेच नाही. कट्टप्पा गुलामीला कुळधर्म मानतो. शिवप्पा तिला गुलामीच म्हणतो. पहिल्या चित्रपटात काबूलचा अस्लम खान कट्टप्पाला मुक्त करू पाहतो आणि तो पूर्वजांच्या वचनाकडे बोट दाखवून नकार देतो, तेव्हा त्या निष्ठेपुढे मान लवते. कादंबरी वाचल्यावरही लवते. पण त्या वचनाने जखडलेला दुसरा एक भाऊ होता आणि त्याला कोणी विचारले नव्हते, हेही आठवते. आज्ञापालन हा सद्गुण खरा. मात्र आज्ञा कोणाची आणि कशासाठी, हे विचारण्याची मुभा नसेल तर त्या सद्गुणाचे काय होते, हा प्रश्न एका करमणुकीच्या पुस्तकाने आमच्यापुढे ठेवला.

पुढे ‘चतुरंग’ आणि ‘क्वीन ऑफ माहिष्मती’ हे आणखी दोन भाग आले. या कथेवरील मालिका नेटफ्लिक्सने २०१८ मध्ये जाहीर केली, पण ती प्रेक्षकांसमोर आलीच नाही. त्याचे आम्हांस फारसे दुःख नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दोन्ही चित्रपट एकत्र करून पुन्हा प्रदर्शित झाले, तेव्हा आम्ही ते हौसेने पाहिले. शिवगामीसाठी कादंबरी मनाआड करावी लागली. कट्टप्पाच्या वेळी मात्र ती जवळ असल्याचे बरे वाटले. चित्रपट ज्यांना आवडला, त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे. त्यांची शिवगामी किंचित उणावेल. शिवप्पाची ओळख मात्र नव्याने होईल.