इंजिनाखाली काय साचतं

बोटीच्या इंजिनाखाली तेल जिथे साचलेलं दिसतं, तिथे ते सहसा गळलेलं नसतं. आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकत होतो तेव्हा इंजिन लोखंडी स्टँडवर सपाट ठेवलेलं असायचं. थेंब पडला की मान वर करायची, कारण तिथेच सापडायचं. बोटीत इंजिन सपाट नसतंच. पंख्याचा शाफ्ट मागे खाली उतरत जातो, म्हणून इंजिनही मागे कलतं बसवतात. पुढच्या टोकाला सुटलेला थेंब ब्लॉकच्या कडेकडेने घरंगळत मागे येतो आणि फ्लायव्हीलच्या घराखाली टपकतो. बोट वेगात निघाली की मागचा भाग दबतो, मग तळातलं सगळं आणखी मागे. मासळी आणि बर्फ भरला की तिसरीच तऱ्हा. वर बिल्ज पंप आहेच, तो दर खेपेला पुरावा समुद्रात फेकून मोकळा होतो.

आमची बोट हर्णैच्या बंदरातली, सहा सिलिंडरची. घर पाजपंढरीला. दादा धंदा बघतो, काका तांडेल आणि इंजिन माझ्याकडे. त्या हंगामात तळाच्या पाण्यावर काळा तवंग येऊ लागला. इंजिनात तेल घालावं लागत होतं आणि कूलंटची टाकीही हळूहळू उतरत होती. मिस्त्री आला, बॅटरी मारून वाकला, फ्लायव्हीलच्या घराखाली बोट फिरवलं आणि उठताउठता म्हणाला, "भाऊ, क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय. इंजिन उचलावं लागेल. बंदीत करून टाकू."

बंदी म्हणजे 1 जून ते 31 जुलै. त्या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते आणि आमच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आत जाऊन शाकारल्या जातात. इंजिन उचलायचं तर केबिनच्या फळ्या काढा, चेन पुली लावा, गिअरबॉक्स सोडा, पुन्हा बसवताना शाफ्टची रेषा जुळवा. सील स्वतः स्वस्त असतं, पण त्याच्यापर्यंत पोचायचा खर्च दादाच्या कपाळावर आठ्या आणणारा होता. मिस्त्री खोटं बोलत नव्हता. तेल टपकत होतं ते बरोबर तिथेच, जिथे मागचं सील गेलं की टपकतं. पण इंजिनावरचं दुसरं कुठलंही तेल उतारावरून तिथेच येतं, त्यामुळे ही खूण कशालाच पुरेशी नाही. मी म्हटलं, मे संपेपर्यंत थांबा.

आधी धुणं. बंदरात इंजिन डिझेलने धुतात, ब्रश मारला की चकचकीत दिसतं. गळती शोधायची असेल तर याहून वाईट काही नाही, कारण मग दोन दिवस सगळीकडून डिझेलच निथळत राहतं. मी सेल्फ आणि अल्टरनेटर प्लास्टिकमध्ये बांधले, वायरींची जोडणी झाकली आणि धुण्याच्या सोड्याने, गरम पाण्याने इंजिन आणि खालचा तळ घासून काढला. घाण पाणी पंपाने बाहेर न टाकता डब्यांत भरून किनाऱ्यावर आणलं. मोठ्या जहाजांना आंतरराष्ट्रीय नियम आहे, इंजिनघरातलं पाणी समुद्रात सोडताना दहा लाख भागांत तेल 15 भागांपेक्षा जास्त नको. ते गाळायची यंत्रणा 400 टनांवरच्या जहाजांना लागते, आमच्यासारख्यांना नाही. म्हणून कोणी विचारत नाही. पण ज्या पाण्यात जाळं टाकतो त्याच पाण्यात तवंग सोडायचा हे मला कधी पटलेलं नाही, आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर तर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात.

धुऊन झाल्यावर कापडाने पुसलं, रात्रभर सुकू दिलं. सकाळी तळात पांढरे कोरे कागद अंथरले, प्रत्येकावर आकडा घातला. छापील वर्तमानपत्र घेतलं नाही, शाईत डाग हरवतो. कोऱ्या कागदावर थेंब स्वतःची ओळख सांगतो. पाणी सुकल्यावर नुसती सुरकुती ठेवतं. डिझेल पसरत जातं आणि कागद अर्धपारदर्शक करतं. इंजिनाचं वापरलेलं तेल मध्ये काळं राहतं आणि भोवती फिकं वर्तुळ सोडतं. पाणी असेल तर जीभ लावून खारं की गोडं बघायची जुनी रीत आहे, पण कूलंट असण्याची शंका असेल तर ती रीत विसरायची. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं.

धक्क्याला इंजिन चालवलं. कागद कोरे. मिस्त्री हसला. जागेवर मोकळं फिरणारं इंजिन आणि पंखा ओढणारं इंजिन यांत फरक असतो. दाब, ताप, थरथर, सगळंच बदलतं. म्हणून दुसऱ्या दिवशी बोट सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या बाहेर काढून पूर्ण वेगात घेतली. निघण्याआधी ब्लॉकच्या दोन्ही अंगांना, झाकणांच्या सांध्यांना आईच्या डब्यातली टाल्कम पावडर फुंकली होती. कोरड्या पत्र्यावर पावडर पांढरी राहते, तेलाचा धागा आला की तेवढीच रेघ काळी होते.

मे अखेरचा वारा नैऋत्येचा, लाट वाढलेली. इंजिनघरात तापमान असं की चष्म्याला वाफ. शर्ट आत खोचलेला, बाह्या बांधलेल्या, गळ्यातला दोरा काढून ठेवलेला. पट्टा आणि कपलिंग यांच्याशी मस्करी चालत नाही. हात जातो तिथे डोकं जात नव्हतं, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून, व्हिडिओ चालू करून फोनच मागच्या बाजूला घातला. वर येऊन काकांच्या शेजारी बसून पाहिला. डाव्या अंगाला, बऱ्यापैकी वर, ऑइल प्रेशरच्या सेंडरच्या मुळाशी काळी रेघ सुरू होत होती. तिथून ती कडेवर उतरली होती, कड धरून मागे गेली होती आणि फ्लायव्हीलच्या घरावरून खाली. गेजवर साडेतीन-चार किलो प्रेशर असताना सेंडरच्या पिचलेल्या जोडातून बारीक फवारा उडत होता. मोकळ्या इंजिनात तो दाब नसल्याने धक्क्यावर काही दिसलं नव्हतं.

तरी मागचं सील निर्दोष आहे, हे सिद्ध व्हायचं होतं. फ्लायव्हीलच्या घराला खाली एक भोक असतं. सील गेलं तर तेल घराच्या आतून त्या भोकातून येतं, वरून आलेलं तेल घराच्या बाहेरून येतं. पितळी तारेला पांढरी चिंधी गुंडाळून भोकातून आत फिरवली. धूळ लागून आली, तेल नाही. ती चिंधी मी मिस्त्रीच्या हातात दिली. त्याने वास घेतला, पलटून पाहिली, म्हणाला, "मग ह्या वेळी नको उचलायला."

सेंडर बदलला. तेल कमी झालं, संपलं नाही. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगखाली अजून ओल येत होती. पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदर पाहिला. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर जाण्याची ती नळी काजळीने इतकी तुंबली होती की फुंकर जाईना. वाफेला वाट नाही म्हटल्यावर ती प्रत्येक सांध्यातून तेल ढकलते. असं इंजिन कितीही पॅकिंगं बदला, घाम गाळतच राहतं. नळी साफ केली आणि जुनंच पॅकिंग कोरडं पडलं.

पाण्याची गोष्ट वेगळी. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपाच्या अंगावर मिठाचा पापुद्रा धरला होता, गरम पत्र्यावर थेंब आटला की मागे मीठच राहतं. त्या पंपात दोन सीलं असतात, एक पाण्याच्या बाजूचं, एक तेलाच्या बाजूचं, आणि मध्ये मोकळी जागा. त्या जागेला बाहेर एक बारीक भोक दिलेलं असतं ते मुद्दाम. पाण्याचं सील झिजलं की भोकातून खारं पाणी येतं, तेलाचं झिजलं की तेल. म्हणजे पंप स्वतःच चुगली करतो. आमच्या पंपाचं ते भोक कुणीतरी, कधीतरी, एम-सीलने बुजवलं होतं! तळ कोरडा राहावा म्हणून. पाणी बाहेर येणं थांबलं असतं तर ते तेलाच्या सीलवर चढून इंजिनात गेलं असतं, तेल दुधाळ झालं असतं आणि बेअरिंगं गेली असती. सुदैवाने लांबी एका कडेने सुटली होती. सीलं बदलली, भोक दाभणाने मोकळं केलं.

कूलंट मात्र कुठेच सापडेना. कागदांवर डाग नाही, होजला ओल नाही, टाकी तरी उतरते. बाहेर न गळणारं द्रव आत कुठेतरी जातं, हा सरळ हिशेब. हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांतून समुद्राचं पाणी वाहतं आणि भोवती कूलंट असतं. चालू इंजिनात कूलंटचा दाब जास्त, म्हणून नळीला टाचणीएवढं छिद्र पडलं तरी कूलंट खाऱ्या पाण्यात मिसळून एक्झॉस्टमधून बाहेर जातं. तळात येणार कसं? शेवटची झाकणं काढली, टाकीच्या तोंडाला हातपंप लावून दाब दिला आणि बॅटरी धरून बसलो. बराच वेळ काही नाही. मग एका नळीच्या तोंडाशी हिरवट थेंब जमला, पडला, पुन्हा जमला. त्या नळीला दोन्ही टोकांनी पितळी बूच ठोकलं. नळ्यांऐवजी झिजायला ठेवलेला जस्ताचा रॉड काढून पाहिला, तर नुसतं बूड उरलं होतं. तो वेळेवर बदलला असता तर नळी वाचली असती.

एक गळती तशीच ठेवली. शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथली ग्लँड चालत्या शाफ्टला थेंबथेंब पाणी सोडत होती आणि दादा पाना घेऊन ती आवळायला निघाला होता. काका ओरडले, "हात लावू नको! ती कोरडी पडली तर पॅकिंगची दोरी जळते नि शाफ्ट कापला जातो." ते थेंबच तिचं वंगण. धार लागली तरच दोन्ही नटांना सारखा, थोडासा पीळ द्यायचा.

डिझेलच्या परतीच्या पाइपांचे तांब्याचे वायसर मी बंदीत केले. वापरून तांबं कडक होतं, लालसर तापवून गार केलं की पुन्हा मऊ पडतं आणि नीट बसतं. मग तळ पांढऱ्या रंगाने रंगवून घेतला.

ऑगस्टमध्ये पहिल्या खेपेहून परतलो तर त्या पांढऱ्यावर पुढच्या कोपऱ्यात पाणी. काका माझ्याकडे बघायला लागले. कूलंटची पातळी पाहिली, तसूभर हलली नव्हती. मग थेंब जिभेवर ठेवला. गोडं पाणी, पावसाचं. इंजिनघराच्या झाकणाचं रबर एका बाजूने फाटलं होतं.